वाए रेबो : फ्लोरेसच्या डोंगरातली सात गोल घरं

रानवाट (धागाकर्ता)

ढगांत बुडालेली हिरवी वाटी आणि तिच्यात गवताने शाकारलेली सात शंकूसारखी घरं, हा फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. गावाचं नाव वाए रेबो. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाच्या पश्चिम भागात, मांगराई जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ११०० ते १२०० मीटरवर. मोटाररस्ता गावापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा जंगलातून पायीच चढावा लागतो. फोटोखालच्या चार ओळींत बऱ्याच चुका असतात, म्हणून नीट माहिती एका जागी असावी यासाठी हा धागा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे 'युनेस्कोचं जागतिक वारसा स्थळ'. तसं नाही. २०१२ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कारांत इथल्या घरांच्या पुनर्बांधणीला सर्वोच्च श्रेणीचा पुरस्कार मिळाला. २०१३ च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीतही हे काम होतं. म्हणजे गौरव झाला तो जतनाच्या कामाचा. दुसरी चूक 'जगापासून तुटलेली जमात'. गावकरी कॅथलिक आहेत, कॉफी पिकवून खालच्या बाजारात विकतात, मांगराई या स्वतःच्या भाषेबरोबर इंडोनेशियनही बोलतात. पूर्वजांचे विधीही करतात आणि चर्चलाही जातात.

आता घर. त्याला म्बारू नियांग म्हणतात. म्बारू म्हणजे घर. सातांपैकी एक मोठं, नियांग गेंदांग. गेंदांग म्हणजे ढोल. गावाचे वाडवडिलांपासूनचे ढोल आणि घंटा याच घरात टांगलेल्या असतात. उंची १५ मीटरच्या आसपास. त्यात आठ कुटुंबं राहतात, बाकीच्या सहा घरांत प्रत्येकी सहा.

बाहेरून नुसतं छप्परच दिसतं, कारण भिंत अशी नाहीच. छप्परच वरपासून जवळजवळ जमिनीपर्यंत उतरतं. आत पाच मजले:

लुतुर – राहण्याची पातळी. पुढचा अर्धा भाग सगळ्यांचा, बैठकीचा. मागच्या अर्ध्यात फळ्यांनी पाडलेल्या कुटुंबांच्या खोल्या. चूल याच पातळीवर.
लोबो – धान्य आणि रोजच्या वस्तूंचा माळा.
लेंतार – पुढच्या पेरणीचं बी-बियाणं.
लेम्पा राए – पीक बुडालं, दुष्काळ पडला तर उपयोगी पडेल असा राखीव साठा.
हेकांग कोदे – अगदी वरचं टोक. इथे पूर्वजांसाठी नैवेद्य ठेवायची लांगकार नावाची बांबूची जागा असते.

जमिनीपासून उचललेल्या तळाखालच्या मोकळ्या जागेला न्गाउंग म्हणतात. तिथे सरपण, अवजारं आणि पूर्वी जनावरं.

मजल्यांची ही रचना पाहिली की माणसं खाली, त्यांच्यावर या वर्षीचं अन्न, त्याच्यावर पुढच्या वर्षीचं बियाणं, त्याच्यावर वाईट वर्षाची तरतूद आणि सगळ्यांच्या वर पूर्वज, असा क्रम लागतो. घर म्हणजे एक उभं कोठारच आहे, आणि ते चुलीच्या धुरावर चालतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

२००८ मध्ये जकार्ताहून योरी आंतार आणि त्यांचे वास्तुरचनाकार सोबती इथे पोचले तेव्हा सातांपैकी चारच घरं उरली होती, आणि त्यातलीही दोन मोडकळीला आलेली. २०११ पर्यंत पुन्हा सात झाली. ती कशी, हा या धाग्याचा मुख्य विषय असावा असं वाटतं.

---

शाकारणी

फार चांगला विषय. प्रश्न सरळ आहे. आपल्याकडे कुडाच्या घराचं गवत दर एक-दोन वर्षांनी बदलावं लागतं. मग पावसाळी डोंगरात, रोजच्या ढगात पंधरा मीटर उंच गवताचं छप्पर टिकतं कसं? आणि फोटोत ते इतकं काळं का दिसतं?

---

रानवाट

शाकारणी, काळं दिसतं ते नुसतं गवत नसल्यामुळे. दोन गोष्टी एकत्र वापरतात. एक आलांग-आलांग, म्हणजे आपल्या दर्भाच्या जातकुळीतलं उंच गवत. दुसरं इजूक. हा साखरताडाच्या खोडाला पानांच्या बुंध्याशी गुंडाळलेला काळा, घोड्याच्या शेपटीसारखा राठ काथ्या. आपल्या भेरली माडाचं हे लांबचं भावंड. एकाच झाडापासून ताडी मिळते, गूळ मिळतो, आणि हा काथ्या मिळतो. इजूक पाण्याने सहजी कुजत नाही, म्हणून इंडोनेशियात दोर, झाडू, बालीतल्या देवळांची उंच छपरं, सुमात्रा बेटावरच्या मिनांगकाबाऊ लोकांची घरं सगळीकडे तो दिसतो. (वाए रेबोच्या तोंडी परंपरेनुसार गावाचा मूळपुरुष एम्पो मारो हा मिनांगकाबाऊ मुलखातूनच आला होता.)

छप्पर टिकण्याची मला दिसणारी कारणं तीन. उतार इतका खडा आहे की पाणी थांबतच नाही. गवताचा थर जाड आहे, पावसाचं पाणी वरच्या बोटभर थरातून सरकून जातं, आतला थर कोरडा राहतो. आणि तिसरं, खरं कारण, धूर. चूल घराच्या आत, धुरांडं नाही. धूर सगळ्या माळ्यांमधून वर चढतो आणि गवतातूनच झिरपून बाहेर पडतो. ओलावा सुकतो, बुरशी धरत नाही, बांबूला भुंगा लागत नाही. माळ्यावरचं मक्याचं कणीस आणि बियाणंही त्याच धुरावर टिकतं.

म्हणूनच ओस पडलेलं घर फार लवकर खचतं. चूल विझली की छप्पर आतून ओलं राहायला लागतं.

---

पागोळी

धुराबद्दल पूर्ण सहमत, फक्त एक भर. छपराची सगळ्यात कमजोर जागा वर नसते, खाली असते. छप्पर जमिनीपर्यंत उतरत असल्यामुळे पागोळ्यांचं पाणी जिथे पडतं तिथून उसळलेला चिखल-पाणी गवताच्या शेवटच्या हातभर पट्ट्याला सारखं लागत राहतं, आणि तिथपर्यंत चुलीची ऊब पोचत नाही. कूज तिथून सुरू होऊन वर चढते. गवताचं कुठलंही घर असं राखायचं तर घराभोवती दगड लावून पाणी लांब काढून देणं आणि खालच्या पट्ट्याकडे दरवर्षी लक्ष ठेवणं हे छपराच्या निम्म्या आयुष्याचं काम आहे. वाए रेबोतही घरांभोवती दगडांची मांडणी दिसते, ती शोभेची नाही.

दुसरी कमजोर जागा टोक. शंकूच्या टोकावर गवताच्या सगळ्या पेंढ्या एकत्र येतात. तिथली टोपी घट्ट नसेल तर पाणी थेट मधल्या खांबावरून आत उतरतं. टोकाला इजूकचं जाड वेष्टन असतं ते यासाठी.

---

उभा वासा

बांधणीचा क्रम लिहितो. यातली बरीचशी कामं कोकणातल्या जुन्या सुताराला ओळखीची वाटतील.

१. खांब. घराचा भार मुख्य लाकडी खांबांवर असतो आणि हे खांब जमिनीत खोल पुरतात, दगडावर नुसते टेकवत नाहीत. लाकूड मुख्यतः वोरोक नावाचं, जवळच्या जंगलातलं. पुरायच्या भागाला आधी इजूक गुंडाळतात, म्हणजे ओली माती थेट लाकडाला लागत नाही आणि आत शिरलेलं पाणी काथ्यातून निथळून जातं. ही पायरी घाईत केली तर खांब जमिनीच्या पातळीशीच कुजतो. लाकूड नेहमी तिथेच जातं, जिथे पाणी आणि हवा दोन्ही मिळतात.

२. मधला खांब. मांगराईत याला सिरी बोंगकोक म्हणतात. ढोलघराचा मुख्य खांब जंगलातून आणणं हा मोठा विधी आहे, रोको मोलास पोचो. अर्थ साधारण 'डोंगरातली सुंदर मुलगी घरी आणणं'. तोडलेल्या लाकडाचं गावाच्या वेशीवर नवरीसारखं स्वागत होतं. व्यवहाराच्या बाजूने पाहिलं तर यामुळे सगळं गाव लाकूड ओढायच्या कामाला आपोआप हजर असतं.

३. तळ. तुळया, त्यांवर फळ्या. जोड खाच आणि कुसूचे, बाकी सगळं वेताने बांधलेलं. लोखंडी खिळा नाही.

४. कडी. हा या घराचा जीव आहे. बांबूच्या पातळ कांबी एकत्र जुडी करून, वेताने आवळून, वाकवून पूर्ण वर्तुळ बनवतात. प्रत्येक मजल्याला एक कडी, वर जाताना लहान होत गेलेली. एकसंध जाड लाकूड असं वाकवता येत नाही. जुडी वाकते, आणि तिच्यातली एक कांब मोडली तरी बाकीच्या भार धरतात.

५. वासे. खालपासून टोकापर्यंत बांबूचे वासे कड्यांवर टेकवून बांधतात, त्यांवर आडव्या पट्ट्या. या पट्ट्याच शिडीचं काम करतात, वेगळी परांची लागत नाही.

६. शाकारणी. खालून वर. प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर चढलेली.

वेत ओला असतानाच बांधावा लागतो. ओला वेत दोरीसारखा वळतो आणि वाळल्यावर कडक होतो, गाठ जागच्या जागी बसते. वाळका वेत ओढला तर चरे पडतात आणि पहिल्या वर्षातच तुटतो. म्हणून वेत तोडणं आणि बांधणं यांत फार दिवस जाऊ द्यायचे नाहीत, किंवा भिजवून घ्यायचा.

बांधलेल्या सांध्यांचा आणखी एक गुण. फ्लोरेस भूकंपाचं बेट आहे, १२ डिसेंबर १९९२ च्या भूकंप-त्सुनामीत बेटाच्या पूर्वेकडे फार मोठी मनुष्यहानी झाली. बांधलेला सांधा हलतो, करकरतो आणि पुन्हा जागेवर येतो. खिळ्याचा सांधा एकदा ढिला झाला की ढिलाच. शिवाय या दमट हवेत खिळा गंजतो आणि आजूबाजूचं लाकूड खातो.

---

कोयनाकाठ

इतकं पक्कं शास्त्र असताना तीन घरं गेली कशी? लाकूड संपलं का?

---

रानवाट

लाकूड संपलं नाही. माणसं विखुरली आणि हातांची सवय गेली.

एका घराला सहा कुटुंबांची मेहनत लागते. लाकूड, बांबू, वेत, गवत, इजूक, पाचही गोष्टी वेगवेगळ्या जागांहून खांद्यावर आणायच्या. कुटुंबं खाली राहायला गेली की घर पडल्यावर ते पुन्हा उभारायला पुरेसे हात एका वेळी मिळत नाहीत. मग त्या जागी गवत वाढतं. आणि नवं घर बांधण्यात दोन पिढ्यांचं अंतर पडलं की म्हाताऱ्यांना आठवतं पण चढवत नाही, तरुणांना चढवतं पण कधी केलेलं नसतं.

२००८ नंतरच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट इथेच आहे. मोडकळीला आलेलं जुनं घर पाडून टाकलं नाही, एकेक भाग सोडवत उतरवलं. कुठली कडी कुठे होती, कुठली गाठ कशी होती, प्रत्येक तुकडा मोजून, काढून, नोंदवून ठेवला. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी नोंदी करत होते, पण बांधणारे गावचेच. म्हाताऱ्यांनी सांगायचं, तरुणांनी करायचं. शहरातून आराखडा आणून गावाला मजुरी दिली असती तर घरं उभी राहिली असती आणि पुढची दुरुस्ती पुन्हा शहरावर अवलंबून राहिली असती. पैसा बाहेरच्या देणगीदारांचा होता, आराखडा मात्र जुन्या घरातूनच निघाला. पहिल्या दोन घरांवर हात बसला, मग नाहीशी झालेली तीन बांधली.

आपल्याकडे जुने वाडे, कौलारू घरं 'जतन' करताना आधी जेसीबी येतो. सोडवत उतरवण्यात किती माहिती असते हे इथून शिकण्यासारखं आहे.

---

शाकारणी

सोडवत उतरवण्याचा मुद्दा फार आवडला. गाठ सोडवणाऱ्यालाच गाठ कळते.

---

उत्तररात्र

गावाच्या आखणीबद्दल थोडं, कारण घर एकटं समजत नाही.

सात घरं एका अंगणाभोवती कमानीत आहेत. अंगणाला नातास म्हणतात, आणि त्याच्या मधोमध दगडांचा गोल चौथरा, चोम्पांग. हे पूर्वजांचं स्थान, त्यावर चढायचं नाही, बसायचं नाही, बॅग ठेवायची नाही. मांगराईत गाव म्हणजे काय हे पाच शब्दजोड्यांत सांगतात: म्बारू बाते काएंग, नातास बाते लाबार, उमा बाते दुआत, वाए बाते तेकू, चोम्पांग बाते ताकुंग. राहायला घर, खेळायला अंगण, कसायला शेत, भरायला पाणी, नैवेद्याला चौथरा. पाचांपैकी एक नसेल तर गाव पुरं नाही.

शेतही गोलच. वाए रेबोत खाचरं नाहीत, पण रुतेंग या जिल्ह्याच्या मुख्य गावाजवळ चांचारला टेकडीवरून कोळ्याच्या जाळ्यासारखी भातशेती दिसते ती याच पद्धतीची. शेताचा मध्य म्हणजे लोदोक. तिथे लाकडी खुंट रोवतात आणि तुआ तेनो, म्हणजे जमीन वाटणारा मानकरी, त्या मध्याशी बोटांनी वाटा मोजतो. वाट्याला मोसो म्हणतात आणि मोसोचा मूळ अर्थ बोट. मध्याशी एक बोट, तिथून बाहेरच्या हद्दीपर्यंत सरळ रेषा, पुढे रुंदावत जाणारी फाक. मध्याशी बोटभर फरक पडला तर हद्दीवर कित्येक पावलांचा फरक पडतो, म्हणून मोजणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. 'गेंदांग आत, लिंगको बाहेर' अशी तिथली म्हण आहे: ढोलघर आणि सामायिक शेत एकमेकांशिवाय नसतात. वरून पाहिलेलं शेत आणि खालून पाहिलेलं छप्पर, दोन्हींत मध्यापासून फाकलेल्या त्याच रेषा आहेत.

जाता जाता एक गोष्ट. मांगराईवर पूर्वी सुंबावा बेटावरच्या बिमाच्या सुलतानांची आणि मकासारच्या 'गोवा' राज्याची ओढाताण होती. ते गोवा वेगळं. आपल्या गोव्याचा संबंध बेटाच्या पूर्व टोकाशी येतो: लारांतुका आणि सोलोरची पोर्तुगीज ठाणी गोव्याच्या अंमलाखाली होती आणि १८५९ च्या तहाने ती डचांकडे गेली. फ्लोरेस, म्हणजे फुलं, हे नावही पोर्तुगीजच.

---

चुलीपाशी

कॉफीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. गावाचं रोख उत्पन्न म्हणजे कॉफी. अराबिका आणि रोबस्टा दोन्ही, घरांच्या मागच्या उतारांवर, मोठ्या झाडांच्या सावलीत.

लाल फळ तोडायचं, हिरवं ठेवायचं. साल काढून, धुऊन बी अंगणात चटयांवर वाळवतात. खरी अडचण इथे आहे. चांगल्या साठवणीसाठी बियांत ओल ११-१२ टक्क्यांवर यावी लागते, आणि इथे दुपारी ढग उतरतो. म्हणून सकाळी ऊन आलं की चटया पसरायच्या, जाड थर लावायचा नाही, सारखं हलवायचं आणि ढग दिसला की गुंडाळून आत. एकदा अर्धवट वाळलेलं बी भिजलं तर बुरशीचा वास धरतं आणि तो भाजूनही जात नाही. वाळल्यावर वरचं टरफल उखळात कांडून काढतात आणि पाखडतात. उखळ-मुसळ, सूप, सगळं आपल्या डोळ्यांना ओळखीचं. मग लोखंडी कढईत लाकडाच्या आचेवर भाजायचं, पुन्हा कांडायचं.

प्यायची पद्धत तुब्रूक. १० ग्रॅम बारीक पूड आणि साखर पेल्यात, वरून १५० मिली नुकतंच उकळून खाली उतरवलेलं पाणी, एकदा ढवळून चार मिनिटं हात लावायचा नाही. चोथा तळाला बसतो. शेवटचा घोट पेल्यातच सोडायचा. गाळायची गरज पडत नाही.

भात मात्र वर पिकत नाही, तो खालून येतो. वर मका, रताळी-कंद, भाज्या. म्हणजे खाली जाताना पाठीवर कॉफी आणि वर येताना तांदूळ.

---

कोयनाकाठ

जायचं असेल तर नेमकं कसं? आणि शाकाहारी माणसाचं काय?

---

रानवाट

भारतीय पासपोर्टला विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, ५ लाख रुपिया, एकदा वाढवता येतो. बाली किंवा जकार्ताहून लाबुआन बाजोला विमान. वेळ भारताच्या अडीच तास पुढे.

लाबुआन बाजोहून देंगे या पायथ्याच्या गावापर्यंत गाडीने पाच ते सात तास धरा. अंतर फार नाही, पण रस्ता वळणांचा आणि शेवटी अरुंद. रुतेंगहून तीन तास. रुतेंगच्या मेना स्थानकावरून ओतो कोल, म्हणजे मागे बाकं टाकलेला लाकडी ट्रक, सकाळी दिन्तोर-देंगेकडे निघतो. स्वस्त, पण चुकला तर दिवस गेला. रोख रक्कम लाबुआन बाजो किंवा रुतेंगलाच काढून घ्या, पुढे एटीएम नाही.

देंगेपासून जुनी पूर्ण वाट ९ किलोमीटरच्या आसपास. आता रस्ता पुढे सरकल्यामुळे त्यातला पहिला भाग दुचाकीवर जाता येतो आणि चालणं दोन-अडीच तासांवर येतं. पहिला टप्पा वाए लोम्बा ओढा. तिथून पोचोरोकोपर्यंत सलग चढ, सगळा दम तिथेच लागतो. त्यानंतर वाट सौम्य होत उतरते. गावाच्या तोंडाशी एक निवारा आहे, तिथे बांबूचा ठोका वाजवून पाहुणे आल्याचं कळवायचं असतं. हे वाटाड्या करतो.

निघायची वेळ महत्त्वाची. इथे विषुववृत्त जवळ, वर्षभर सहाच्या आसपास अंधार पडतो आणि जंगलात त्याच्याही आधी. दुपारी दोननंतर चढायला लागू नये. मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. नोव्हेंबर ते मार्च दरडी, निसरडी माती आणि जळवा. जळवांसाठी लांब मोजे आणि तंबाखू किंवा मीठ, सह्याद्रीतला पावसाळी सरंजामच. नोव्हेंबरात पेंती असते, गावाचं नवं वर्ष. चाबकाचा चाची खेळ तेव्हाच रंगतो. त्यासाठी जायचं तर पावसाची तयारी ठेवूनच.

---

चुलीपाशी

शाकाहाराचं मी लिहिते. वर भात, उकडलेली किंवा परतलेली भाजी, अंडं, कधी कोंबडी. पंगतीत सगळ्यांना एकच स्वयंपाक असतो, त्यामुळे ऐन वेळी सांगून उपयोग नाही. देंगेला मुक्काम ठरवतानाच निरोप वर पाठवावा. वाक्य पाठ करून ठेवा: 'साया तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान.' मी मांस, कोंबडी, मासे खात नाही. अंडं चालत नसेल तर त्यात 'तेलूर' जोडा. फसगत होते ती तिखटात. सांबाल नावाच्या मिरचीच्या वाटणात बहुतेक वेळा तेरासी असते, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी. दिसत नाही, वासाने कळते. 'तान्पा तेरासी' म्हणजे तेरासीशिवाय. भाजलेले शेंगदाणे, चटणीची पूड, गुळपोळी असं काही जवळ असलं की काळजी नाही. मात्र प्लास्टिक परत खाली आणायचं. वर कचरा नेणारी गाडी येत नाही.

---

पागोळी

गावात शिरल्यावरचे नियम स्वतंत्र लिहिते, कारण गोंधळ इथेच होतो. आधी थेट ढोलघरात. बूट बाहेर, दार बुटकं, वाकून आत. तिथे वाएलुउ हा छोटा विधी होतो: गावातले वडीलधारे मांगराईत पूर्वजांना पाहुणा आल्याचं सांगतात आणि तो सुखरूप घरी पोचेपर्यंत सांभाळा असं मागणं मागतात. हा विधी होईपर्यंत फोटो काढायचा नाही, घरांचाही नाही. नंतर मोकळीक, तरी माणसांचा फोटो विचारूनच. खांदे-गुडघे झाकलेले कपडे. मुलांना गोळ्या-पैसे वाटायचे नाहीत.

झोपायला पाहुण्यांसाठी ठेवलेलं घर, विणलेल्या चटयांवर, सगळे गोलाकार. खोली वेगळी मिळत नाही. वीज संध्याकाळचे काही तास. रात्री थंडी असते, जाड स्वेटर आणि कानटोपी लागतेच. मोबाइलला रेंज धरू नका.

---

कोयनाकाठ

धन्यवाद, सगळ्यांनी इतकं तपशीलवार लिहिलंत. एक गोष्ट खटकते. वर शाळा नाही, मुलं शिकायला खाली कोम्बो या वस्तीत. मग सात घरं पर्यटकांसाठीच उभी आहेत असं नाही का होत?

---

उत्तररात्र

प्रश्न रास्त आहे, पण कोम्बोकडे 'गाव सोडून गेलेल्यांची वस्ती' म्हणून पाहिलं तर चूक होईल. वाए रेबो आणि कोम्बो हे दोन जागी वसलेलं एकच गाव आहे. कोम्बोला शाळा, भातशेती, रस्ता. वर कॉफी, पूर्वजांचं स्थान, ढोलघर. कुटुंबं दोन्हीकडे नांदतात: शाळेच्या दिवसांत मुलं खाली नातेवाइकांकडे, सुटीत वर, कॉफीच्या तोडणीला माणसं वर, भाताच्या कामाला खाली. कोकणात सड्यावर एक घर आणि खाली एक, अशी माणसं होतीच.

पर्यटनाचा पैसा माणशी ठरलेल्या रकमेतून, जेवणासकट, गावाच्या सामायिक खात्यात जातो आणि स्वयंपाकाची पाळी बायकांच्या गटांमध्ये फिरते. घासाघीस करू नये, कारण तो पैसा एका घराचा नसतो.

धोका मला दुसरीकडे दिसतो. पाहुण्यांना धूर नको असतो, डोळे चुरचुरतात. ही तक्रार खोटी नाही, रोज चुलीशी बसणाऱ्या बायकांच्या छातीलाही तो धूर बाधतोच. पण पाहुण्यांच्या सोयीसाठी चूल घराबाहेर गेली, तर वर रानवाट यांनी लिहिलंय तेच होईल, छप्पर आतून ओलं राहील.

---

उभा वासा

यावर मधला मार्ग आहे आणि तो गवती घरांत इतरत्रही वापरतात. स्वयंपाक मागे वेगळ्या आडोशाला करायचा, पण आतली चूल पूर्ण बंद करायची नाही. माणसं बाहेर कामावर असतात तेव्हा रोज काही तास मंद, धुमसती ठेवायची. ज्वाळा नको, धूर हवा, म्हणजे जरा ओलसर जाड ओंडका आणि खाली निखारे. रात्री झोपण्याआधी निखारे राखेने झाकायचे. गवताच्या घरात ठिणगीची भीती कायम असते, म्हणून अशा चुलीपाशी एक माणूस लागतोच. मांगराईच्या घरात ते काम ज्या म्हाताऱ्या माणसांना शेतावर जाणं होत नाही त्यांच्याकडे येतं.

---

शाकारणी

आणखी एक विचारते. नवं गवत चढवताना जुनं सगळं काढतात, की त्याच्यावर थर देतात?

---

उभा वासा

कूज किती खोल आहे त्यावर. हाताची बोटं थरात खुपसून पाहायची. वरचं बोटभर काळं-भुसभुशीत आणि आत कोरडं, कडक गवत लागलं तर भुसभुशीत तेवढं खरवडून वरून नवा थर देता येतो. बोटं आत ओल्या लगद्यात गेली तर तो पट्टा पूर्ण काढावा लागतो, कारण ओल्यावर नवं गवत चढवलं की तेही आतून कुजतं आणि वरून दिसत नाही. इजूक मात्र झटकून, वाळवून पुन्हा वापरतात. आणि पट्टा काढायचा झाला तर खालच्या ओळीपासून सुरुवात करून वरच्या ओळी उचलून धराव्या लागतात, म्हणून त्या दिवशी किमान चार माणसं छपरावर आणि तितकीच खाली पेंढ्या फेकायला हवीत.